पाच हजार आठशेची नायलॉन गिटार: रिव्ह्यू, फूटपट्टी आणि अकरावीचं गणित

घाईत असाल तर आधीच सांगते, घ्या, पण दुकानातून निघायच्या आधी ॲक्शन (मानेपासून तारांची उंची) खाली करून घ्या आणि जाताना सोबत एक चांगली स्टीलची फूटपट्टी न्या. ३९ इंची क्लासिकल गिटार, नायलॉनच्या तारा, बॅग आणि क्लिपवाला ट्यूनर धरून पाच हजार आठशे. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण पुढे तक्रारी पण आहेत, आणि तसंही या किमतीत जी चार-पाच नावं मिळतात त्यांच्यात एकोणीस-वीसचाच फरक असतो. घेतली भाचीसाठी, अकरावी सायन्सला आहे, दहावीनंतर कबूल केलेली होती. तिच्यापेक्षा जास्त वेळ माझ्याच मांडीवर असते हा भाग वेगळा.

लाकूड वगैरे बद्दल जास्त बोलण्यासारखं नाही, लॅमिनेट म्हणजे प्लायच, पॉलिश बरं आहे, खुंट्या थोड्या कडक आहेत पण धरून राहतात. आवाज या किमतीच्या मानाने गोल आणि मऊ. नवीन नायलॉनच्या तारा ताणत राहतात त्यामुळे सुरुवातीला सारखं ट्यून करावं लागतं, तो गिटारचा दोष नाही, दुकानदाराला फोन करून भांडू नका.

आता फ्रेट. मी या गिटारीला मार्क दिलेत ते फ्रेटबोर्डसाठी, आणि बाकीच्या रिव्ह्यूत "फ्रेटबोर्ड स्मूथ आहे" यापलीकडे कुणी काही लिहीतच नाही म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते. गिटारीच्या मानेवर ज्या धातूच्या पट्ट्या असतात ते फ्रेट, आणि दोन फ्रेटमधल्या जागेला मी घर म्हणते. खुंट्यांकडची घरं मोठी, पोटाकडे येताना बारीक बारीक होत जातात, हे कुणीही बघून सांगेल. पण किती बारीक, कोणत्या हिशोबाने? त्या हिशोबात मिलीमीटरभर घोळ झाला तर गिटार कितीही महाग असो बेसूरच वाजणार, आणि ते ट्यूनिंग करून सुटत नाही कारण फ्रेट ठोकलेले असतात, सतारीसारखे सरकवता येत नाहीत.

भाचीला कॉलेजात तेव्हा नेमका क्रमिका आणि श्रेढीचा धडा चालू होता. दहावीला फक्त अंकगणिती श्रेढी होती, म्हणजे एपी, दरवेळी तेवढंच (त्याला डी म्हणतात) मिळवा किंवा वजा करा. अकरावीला भूमिती श्रेढी, जीपी, आली, दरवेळी तेवढ्यानेच गुणा. व्याख्या तोंडपाठ, फॉर्म्युले पाठ, आणि तरी समोर आकडे आले की पहिला हात वजाबाकीकडेच जातो. तिने फूटपट्टी लावली आणि मोजलं: पहिलं घर साडेछत्तीस मिमी, दुसरं साडेचौतीस, तिसरं साडेबत्तीस. लगेच निकाल, "मावशी, एपी आहे हे, डी मायनस दोन, दहावीचंच आहे."

आणि खरं सांगायचं तर त्या तीन आकड्यांवरून कुणीही हेच म्हणेल. मी म्हटलं ठीक आहे, मग तुझ्या एपीने बारावं घर काढ. ३६.५ मधून अकरा वेळा दोन गेले, उरले १४.५. मोजून बघ. मोजलं तर १९ च्या वर, १९.३ च्या आसपास. पाच मिमीचा फरक, तो काही फूटपट्टी वाकडी धरल्यामुळे येत नाही. मग ती मागे गेली, चौथं घर साडेतीसच्या जरा पुढे, पाचवं २९ (एपीने २८.५ यायला हवं होतं), सहावं सव्वासत्तावीसच्या वर (एपीचं २६.५), सातवं २५.८ (एपीचं २४.५). दर घराला चूक वाढत चाललेली. मग मी अजून एक विचारलं, तुझ्या एपीने एकोणिसावं घर किती? अर्धा मिमी. आणि विसावं? उणे दीड! तोंड बघण्यासारखं झालं होतं. आपल्या गिटारीला एकोणीस फ्रेट आहेत आणि शेवटचं घर चांगलं बोट ठेवण्याएवढं आहे, वरच्या घरात बोटं दाटीत बसतात हे खरं, पण अर्धा मिमी म्हणजे नखही बसणार नाही.

मग वजाबाकी सोडून भागाकार केला. ३४.५ भागिले ३६.५, ०.९४५. ३२.५ भागिले ३४.५, ०.९४२. पुढे २९ भागिले ३०.७, पुन्हा ०.९४५. फूटपट्टीने अर्ध्या मिमीपर्यंतच धड वाचता येतं त्यामुळे तिसरा आकडा नाचतो, पण सगळीकडे ०.९४ काहीतरी. हे आलं आपलं आर, कॉमन रेशो. खरा आकडा ०.९४३९, दोनचं बारावं मूळ काढून एकला त्याने भागा. का तर बारा फ्रेटनंतर तार बरोबर निम्मी व्हायला हवी, तिथे तोच सूर वरच्या सप्तकात मिळतो, आणि मधले बारा टप्पे सगळे सारख्याच गुणोत्तराचे हवेत.

तीन पदं बघून श्रेढी ओळखायची नाही हे पुस्तकात कुठेतरी लिहिलेलं असतंच, पण ते कळतं असं. जीपीतला आर एकच्या जवळ असला की सुरुवातीची पदं एपीसारखीच दिसतात, फरक २.०५, १.९३, १.८२ असे हळूहळू बदलतात आणि फूटपट्टीला तिन्ही "दोनच" वाटतात. लांब जाऊन बघितलं की सोंग उतरतं. म्हणून गिटार तपासताना शेजारशेजारची घरं मोजत बसू नका, पहिलं आणि तेरावं मोजा, तेरावं बरोबर निम्मं असायला पाहिजे. आमच्याकडे ३६.५ आणि १८ च्या थोडं वर, पास.

अजून एक गंमत यात आहे जी मला स्वतःला फार आवडते. पूर्ण तार ६५० मिमी. पहिला फ्रेट दाबला की वाजणारी तार उरते ६१३.५, दुसरा दाबला की ५७९, मग ५४६.६, ५१५.९, ही उरलेल्या तारेची श्रेढी, ती पण जीपी. आणि घरं म्हणजे काय, याच श्रेढीतल्या शेजारच्या पदांची वजाबाकी. एपीची वजाबाकी केली की एकच आकडा पुन्हा पुन्हा मिळतो, विषय संपला. जीपीची वजाबाकी केली तर पुन्हा जीपीच मिळते, आणि आर पण तोच! भाचीने पहिलं पद ए धरून हे कागदावर एकदा करून बघितलं आणि मग "हो रे, ए आर वजा ए, आर मायनस वन कॉमन निघतो" असं स्वतःशीच बडबडत बसली.

आणि घरं सगळी सारखीच ठेवली असती तर? बारावा फ्रेट मध्यावर म्हणजे ३२५ वर हवा, तर प्रत्येक घर २७.०८ मिमी. दिसायला छान रेखीव दिसेल. पण मग चोविसावा फ्रेट थेट ब्रिजवर (गिटारीच्या पोटावर तार जिथे बांधतात तिथे), तार संपली, वाजवायला काही उरलंच नाही. जीपीत तसं होत नाही, चोविसाव्याला १६२.५ उरते, छत्तिसाव्याला ८१.२५, कितीही फ्रेट ठोका ब्रिज काही गाठत नाही. अनंत पदांची बेरीज ए भागिले १ वजा आर, तो फॉर्म्युला इथे घालून बघा, ३६.४८ भागिले ०.०५६१३, उत्तर ६५०. म्हणजे अख्खी तार. कॉलेजात ही बेरीज कुठल्यातरी उड्या मारणाऱ्या चेंडूवर शिकवतात, त्यापेक्षा हे किती सरळ आहे.

पूर्वीचे कारागीर दोनचं बारावं मूळ काढत बसायचे नाहीत, त्यांचा सोपा नियम होता अठराचा: उरलेल्या तारेचा अठरावा भाग मोजा, फ्रेट ठोका, पुन्हा उरलेल्याचा अठरावा भाग. गॅलिलिओचे वडील विन्चेंझो गॅलिलेई स्वतः ल्यूट (गिटारीसारखं जुनं युरोपीय तंतुवाद्य) वाजवणारे, सोळाव्या शतकात त्यांनी हेच १८:१७ चं प्रमाण सांगितलं होतं. "उरलेल्याचा" हा शब्द आहे म्हणून ती जीपी झाली, "पूर्ण तारेचा अठरावा भाग" म्हटलं असतं तर एपी झाली असती. हिशोब करून बघितला तर अठराने बारावा फ्रेट मध्याच्या अलीकडे साधारण २.४ मिमी येतो, त्या काळच्या तातीच्या (आतड्याच्या) तारांना चालून जायचं असेल. आता भाजक १७.८१७ घेतात. शेजारच्या पोराची एक खेळण्यातली गिटार आहे, प्लॅस्टिकच्या फ्रेटची, ती पण उत्साहात मोजली. तिच्यात ना एपी ना जीपी, देवाक काळजी!

सुराच्या बाजूने बघा आता. पाचवी तार ए या सुराची, मोकळी वाजवली की ११० हर्ट्झ. बाराव्या फ्रेटला २२०. मध्ये पहिल्या फ्रेटला ११६.५, मग १२३.५, १३०.८, १३८.६ असं. म्हणजे पहिल्या पावलाला साडेसहा हर्ट्झ वाढले, शेवटच्या, अकरा ते बाराच्या पावलाला सव्वाबारा. पण कानाला दोन्ही पावलं सारखीच वाटतात कारण कान टक्केवारी ऐकतो, दर फ्रेटला ५.९५ टक्के, जवळजवळ सहा टक्के वाढ. हे माझ्या आईला पटकन कळलं, ती म्हणाली मग एफडीच की ही. खरंच आहे, सहा टक्के चक्रवाढीने लाखाचे बारा वर्षांत २ लाख १ हजार होतात, सरळव्याजाने १ लाख ७२ हजारच. चक्रवाढ म्हणजे जीपी, सरळव्याज म्हणजे एपी, आणि बारा फ्रेटला सूर दुप्पट का होतो याचं उत्तर पोस्टाच्या खिडकीवर उभं राहून पण देता येतं.

कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, वेगळा घ्यावा लागला, अडीचशेचा, चालतोय) लावला की हे अजून स्पष्ट होतं. कॅपो दुसऱ्या फ्रेटवर चढवला की सगळ्या तारा एकाच आकड्याने गुणल्या जातात, म्हणून गाणं तेच राहतं, फक्त पट्टी बदलते. समजा गुणायच्या ऐवजी मिळवणारा कॅपो असता तर? सा ११० आणि प १६५ घ्या, दोघांत ५५ मिळवा, झाले १६५ आणि २२०. आधी प्रमाण होतं २:३, सा-प. आता ३:४, म्हणजे सा-म. पंचमाचा मध्यम झाला, गाणं गेलं!

इथपर्यंत वाटेल की गिटार म्हणजे सगळी जीपीच. पण नाही, त्याच तारेत एपी पण आहे. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला बोट फक्त टेकवा, दाबायचं नाही, आणि छेडून लगेच बोट काढा, घंटीसारखा सूर येतो, २२०. सातव्यावर तसंच केलं की ३३०. पाचव्यावर ४४०. चौथ्याच्या जरा अलीकडे, नटकडे (खुंट्यांजवळची पट्टी, जिथून तार मोजतात), ५५०. ११०, २२०, ३३०, ४४०, ५५०, डी ११०, शुद्ध एपी. हे फ्रेटवाल्याने केलेलं नाही, हे तारेचं स्वतःचं आहे, तार दोन, तीन, चार, पाच सारख्या तुकड्यांत हलते म्हणून. सप्तकं मात्र ११०, २२०, ४४०, ८८०, ती जीपी. दोन्ही याद्या शेजारी लिहून काढा, ११० आणि २२० दोन्हीकडे, मग एपी ३३० ला थांबते आणि जीपी थेट ४४० ला उडी मारते, पुढे एका उडीत एपीचे चार मुक्काम, मग आठ. यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी दोन्ही श्रेढ्या शेजारी ठेवायला सापडलेलं नाही.

आणि मी "चौथ्याच्या जरा अलीकडे" लिहिलं ते उगाच नाही. तारेचा पाचवा भाग म्हणजे नटपासून १३० मिमी, आणि चौथा फ्रेट आहे १३४ वर. चार मिमीचा फरक, बोटाने सरळ कळतो, बरोबर फ्रेटवर टेकवलं तर सूर फुटत नाही. सातव्याला तार एक तृतीयांश म्हणजे २१६.७ आणि फ्रेट २१६.२, अर्ध्या मिमीचा फरक, कळतच नाही. म्हणजे तारेची एपी आणि माणसाने ठोकलेली जीपी यांचं सप्तकावर अगदी बरोबर जमतं, पंचमावर जवळपास जमतं, आणि गंधारावर बिनसतं. तारेचा गंधार ५५०, फ्रेटचा (चौथ्या फ्रेटचा १३८.६ दोन सप्तकं वर नेला की) ५५४.४. तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो म्हणतात तो हाच, पाचवा. हार्मोनियमच्या गंधारावर गाणारी मंडळी नाक मुरडतात त्याचं मूळ पण इथेच, तिच्या पट्ट्याही याच दोनच्या बाराव्या मुळाच्या हिशोबाने लावलेल्या असतात. मिरजेचा तंबोरा आणि ही गिटार एका खोलीत वाजवायची वेळ माझ्यावर आलेली नाही, पण आली तर गंधारावर कोण माघार घेणार हे मला माहीत आहे, फ्रेट ठोकलेले आहेत.

ट्यूनर. सोबत आलेला क्लिपवाला, सेल घातला की चालतो, स्क्रीन उन्हात दिसत नाही, बाकी ठीक. त्याच्यावर सेंट दिसतात, एका फ्रेटला १०० सेंट, सप्तकाला १२००. पहिला फ्रेट १००, दुसरा २००, तिसरा ३००... हो, एपी! भाचीने हे लगेच पकडलं, इतका वेळ जीपी म्हणून ओरडतेस आणि मशीन एपी दाखवतंय. मशीन लॉग घेतं. जीपीतल्या प्रत्येक पदाचा लॉग घेतला की गुणाकाराची बेरीज होते आणि जीपीची एपी होऊन बसते. त्यामुळेच खालच्या ११० वर एक सेंट म्हणजे ०.०६ हर्ट्झ आणि वर ८८० वर अर्धा हर्ट्झ, काटा मात्र दोन्हीकडे सारखाच हलतो. सोय म्हणून उत्तम आहे, कारण मिळवायला सोपं.

या ट्यूनरनेच खरी तक्रार पकडली. घरी आणली तेव्हा तिसरी तार, म्हणजे जी सुराची, मोकळी बरोबर लावली तरी बाराव्या फ्रेटला १५ सेंट चढलेली. फ्रेट जागच्या जागी होते हे मोजून झालेलं, मग दोष ॲक्शनचा. बाराव्या फ्रेटवर तार ५ मिमी उंच होती, एवढी उंच तार खाली दाबायची म्हणजे ती ताणली जाते आणि ताणली की सूर चढतो, शिवाय नवशिक्याची बोटं दुखतात ते वेगळंच. साधारण ३ ते ४ मिमी हवी. ऑनलाइनवाल्याला कळवलं तर उत्तर आलं की हे "मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्टमध्ये येत नाही". शेवटी गावातल्या दुरुस्तीवाल्या काकांकडे नेली, त्यांनी सॅडल (ब्रिजवरची पट्टी, जिच्यावर तारा टेकतात) काढून घासून दोन मिमी कमी केलं, सॅडल दोन मिमी उतरलं की मध्यावर, म्हणजे बाराव्या फ्रेटवर, तार एक मिमी उतरते. चार मिमीला आणून दिली, तीनशे रुपये घेतले, आणि त्या तिसऱ्या तारेची तक्रार सहा सेंटवर आली. मला चालतं, तुमचा कान तिखट असेल तर नाही चालणार.

तपासताना अजून एक: नट ते बारावा फ्रेट आणि बारावा फ्रेट ते सॅडल, दोन्ही मोजा. दुसरं अंतर एक-दोन मिमी जास्त निघालं तर घाबरू नका, दाबल्यावर सूर चढतो त्याची भरपाई म्हणून सॅडल मुद्दाम मागे ठेवतात. कमी निघालं तर मात्र ती गिटार परत ठेवा.

बॅग अगदी पातळ आहे, पावसात नेऊ नका, चेन आत्ताच अडकायला लागलीय. पाच पैकी साडेतीन देते, सेटअप दुकानातच करून मिळाला असता तर चार दिले असते. लहान मुलांसाठी ३६ इंची बघत असाल तर तिची तार साधारण ५८० मिमी असते, तिथे पहिलं घर साडेबत्तीसच्या आसपास यायला हवं, तारेच्या लांबीला १७.८१७ ने भागलं की मिळतं, मोबाइलवर दुकानातच काढा, दुकानदार जरा विचित्र बघतो पण काही म्हणत नाही.